पलटणीचा डॉक्टर आणि मिलिटरी हॉस्पिटलचा फिजिशियन: वर्दी एक, दिवस वेगळे

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो कॉलेजात इंटर्नशिप संपत आली की कुणीतरी हमखास विचारतं, "मेडिसिनमध्ये एमडी करून आर्मीत गेलो तर बर्फात तंबू ठोकून बसावं लागतं का?" त्याच पोराच्या घरी नेमका उलटा समज असतो. आर्मीचा डॉक्टर म्हणजे कामठीच्या हॉस्पिटलात दुपारपर्यंत ओपीडी आणि संध्याकाळी टेनिस! दोन्ही चित्रं अगदीच हवेतली नाहीत, पण ती दोन वेगळ्या डॉक्टरांची आहेत. पहिला पलटणीचा डॉक्टर, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, सगळ्यांच्या तोंडी आरएमओ. दुसरा मिलिटरी हॉस्पिटलातला मेडिकल स्पेशालिस्ट, आपण बाहेर ज्याला फिजिशियन म्हणतो तो. दोघंही आर्मी मेडिकल कोअरचे, जवान दोघांनाही 'डॉक्टर साब'च म्हणतो, आणि घोळ वाढवायला म्हणून की काय, पुष्कळदा हे दोघं एकच माणूस असतात. मध्ये फक्त काही वर्षं गेलेली असतात.

एमबीबीएस झालेला डॉक्टर कमिशन घेऊन थेट कॅप्टन होतो, लखनौला बेसिक कोर्स करतो आणि बहुतेक वेळा एखाद्या युनिटवर जातो. पुढे पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात किंवा सैन्याच्या दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात पीजी केलं की तो आधी 'ग्रेडेड' आणि नंतर 'क्लासिफाइड' स्पेशालिस्ट होतो. एमडी होऊन बाहेरून येणारेही असतात.

आरएमओचा दिवस एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्याच छोट्या दवाखान्यात सुरू होतो, तोही बाहेरची ओपीडी उघडायच्या कितीतरी आधी. सकाळच्या 'सिक रिपोर्ट'ला रांग लागते: मुरगळलेला घोटा, बुटाने आलेले फोड, जुलाब, ताप. आज ज्यांना पाठीवर वजन घेऊन पळायचं आहे त्यांचे गुडघे आजच का दुखतात, हे दारातल्या नर्सिंग असिस्टंटला डॉक्टरच्या आधी कळलेलं असतं. इथल्या निकालाचे दोन भाग: औषध आणि ड्यूटी. 'लाइट ड्यूटी' द्यायची की पूर्ण 'एक्स्क्यूज', की पाठ थोपटून मैदानावर पाठवायचं? औषध चुकलं तर उद्या बदलता येतं. ड्यूटीचा निकाल चुकला, तर खऱ्या आजाऱ्याला पळवल्याचं पाप लागतं किंवा दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट होते.

त्यानंतरचं बरंचसं काम पेशंटविनाच असतं. लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात फेरी, भांडी धुतात ती जागा, स्वयंपाक्यांच्या नखांपर्यंतची तपासणी, डासांसाठी फवारणी आणि पाणी. पाणी शुद्ध करायला किती ब्लीचिंग पावडर लागेल हे ठरवायला हॉरॉक्सची पेटी असते. एमबीबीएसला पीएसएमच्या (सार्वजनिक आरोग्याच्या विषयाच्या) व्हायव्हाला ती सगळेच ओळखतात आणि नंतर सगळेच विसरतात, आरएमओला मात्र विसरून चालत नाही. काळ्या कपात ब्लीचिंग पावडरचं द्रावण करायचं, सहा पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी घ्यायचं. पहिल्या कपात द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. अर्धा तास थांबून इंडिकेटर टाकला की ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग दिसतो, त्याच्या क्रमांकाइतके २ ग्रॅमचे चमचे ४५५ लिटर पाण्याला लागतात. सराव कॅम्पात पन्नास जणांना एकदम जुलाब लागले, तर सीओचा, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरचा पहिला फोन आरएमओलाच जातो आणि बोलण्याचा सूर काही चौकशीचा नसतो.

फिजिशियनचा दिवस बाहेरच्या डॉक्टरला जास्त ओळखीचा वाटेल. सकाळी आयसीयू, मग वॉर्डाचा राउंड, बरोबर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या सिस्टर (त्या स्वतः कमिशन्ड ऑफिसर असतात, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं), मग ओपीडी. ओपीडीत जवान असतात तसे त्यांचे आईवडील, बायकामुलं आणि पेन्शनर. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू आणि मलेरिया तर असतोच. गवतातून सराव करून आलेला ताप असेल, तर काखेत, जांघेत बारकाईने शोधायचं. काळी खपली सापडली की स्क्रब टायफस, आणि डॉक्सीसायक्लिन लगेच सुरू. २०१८ साली नागपूर भागात हा ताप बराच गाजला होता. एखाद्याची प्रकृती ढासळली की फिजिशियन त्याचं नाव 'सीरियसली इल' किंवा त्याहून वरच्या 'डेंजरसली इल' यादीत घालतो. त्या एका नोंदीने त्याच्या युनिटला आणि घरी अधिकृत निरोप जातो, त्यामुळे ती सही करताना हात जरा थांबतोच.

इथवर फरक नुसता जागेचा वाटतो. एकाकडे पलटणीतली सुमारे आठशे तरणी माणसं, दुसऱ्याकडे पलंग. खरी गंमत पलंगावर ठणठणीत माणूस येतो तेव्हा सुरू होते.

वार्षिक मेडिकलमध्ये एका हवालदाराचं बीपी १५०/१०० निघालं, असं धरू. तो नागपुरात रामदासपेठेतल्या एखाद्या खासगी दवाखान्यात गेला असता, तर दोन-तीनदा मोजून, मीठ कमी करा सांगून, गोळी घेऊन पंधरा मिनिटांत बाहेर पडला असता. इथे त्याला भरती करतात. माणूस धडधाकट, हॉस्पिटलचे कपडे घालून वॉर्डात कॅरम खेळतोय, आणि सिस्टर वेळापत्रक लावून त्याचं बीपी मोजतेय. ईसीजी, इको, लघवी, क्रिएटिनिन, डोळ्याचा पडदा सगळं होतं. वय कमी असेल, तर किडनीची रक्तवाहिनी आणि हार्मोन्सही बघायचे. एवढा खटाटोप कशासाठी? शेवटी औषधाच्या चिठ्ठीबरोबर 'कॅटेगरी' ठरायची असते म्हणून.

सैन्यात तब्येत 'शेप' या पाच अक्षरी हिशेबात मोजतात: एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी शारीरिक क्षमता, ई डोळे. प्रत्येकापुढे आकडा, सगळीकडे एक असेल तर 'शेप-वन', म्हणजे कुठेही पाठवायला मोकळा. फिजिशियनची जहागीर म्हणजे पी. बीपी, शुगर, हृदय, लिव्हर, टीबी, सगळं तिथेच येऊन पडतं. आमच्या हवालदाराला स्पेशालिस्टच्या मतावर मेडिकल बोर्ड तात्पुरती पी-टू देतं, म्हणजे पीपुढे एकाऐवजी दोन. ती साधारण २४ आठवड्यांची. मग पुन्हा तपासणी, आणि आजार टिकला तर कायमची. शेजारी एक ओळ येते: ९,००० फुटांच्या वर पाठवू नये. आरएमओ चार दिवसांची लाइट ड्यूटी देऊ शकतो, पण ही ओळ त्याच्या हातात नसते.

आणि ही ओळ पेशंटला नको असते! सिव्हिलमध्ये पेशंट आजार थोडा वाढवून सांगतो, सुट्टीचं सर्टिफिकेट दोन दिवस जास्त मागतो. इथे प्रमोशन, कोर्स, परदेशी पोस्टिंग सगळं शेप-वनला लटकलेलं. डॉक्टर मराठी आहे म्हटल्यावर भंडारा-गोंदियाकडचा जवान हिंदी सोडून सरळ घरच्या बोलीवर येतो: "सायेब, बीपीचं काई नाई जी. रातभर गाडीत झोप नाई झाली, म्हणून वाढलं." छातीत दुखतं हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नसतं. अशा माणसाकडून नीट हिस्ट्री काढणं हे या नोकरीतलं सगळ्यात कठीण कौशल्य आहे, असं माझं मत. एमडीच्या परीक्षेत याला मार्क नाहीत.

पंधरा-वीस वर्षांनी तोच हवालदार निवृत्तीच्या तोंडावर 'रिलीज मेडिकल बोर्ड'पुढे येतो आणि वारं फिरलेलं असतं. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला असं ठरलं आणि अपंगत्व २० टक्के किंवा अधिक भरलं, तर नेहमीच्या पेन्शनवर आणखी रक्कम मिळायची वाट उघडते. आता त्याला प्रत्येक दुखणं कागदावर हवं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणात म्हटलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं, आणि नंतरचा आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. २०२३ साली या पात्रतेचे नियम नव्याने आले आणि त्यावरून माजी सैनिकांत बरीच नाराजीही झाली. पण नियम कुठलेही असोत, बोर्डासमोर शेवटी जुनी कागदपत्रंच उघडतात. एखाद्या चौकीवर तरुण आरएमओने घाईत खरडलेली 'छातीत दुखणे, विश्रांती' ही ओळ तेव्हा पुराव्याला येते, किंवा तिथे ती नसल्याचं कळतं.

दबावाचीही जात वेगळी. आरएमओ ज्या मेसमध्ये सीओबरोबर रात्री जेवतो, त्याच सीओला सकाळी सांगतो की तुमचा सेंटर फॉरवर्ड पुढचे दोन आठवडे फुटबॉल खेळणार नाही. फिजिशियनला पलटणीची हारजीत सोसावी लागत नाही, हॉस्पिटलचं कुंपण मध्ये असतं. नाही म्हणायला हॉस्पिटलातून सोपं जातं. त्या बदल्यात तो माणूस ओळखत नाही. कोण मुळातच कुरकुऱ्या आणि कोण पाय मोडला तरी तोंड उघडणार नाही, हे आरएमओने फोनवर सांगितलं तर कळतं. म्हणून चांगला फिजिशियन रेफरल लेटर वाचून थांबत नाही, फोन लावतो.

दोघांचं काम एकाच आजारात कुठे तुटतं आणि कुठे जोडलं जातं, हे बघायला नागपूरचा मे महिना पुरेसा आहे. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. रंगरुटांना पळायचं असतंच आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो. पळता पळता पोरगा बरळायला लागला, तोल गेला, तर उष्माघात धरूनच चालायचं. शाळेत शिकवलेली 'कोरडी तापलेली त्वचा' इथे फसवते, कारण पळणारा तरुण उष्माघातातही घामाने निथळत असू शकतो. काखेतलं थर्मामीटरही फसवतं, तापमान गुदद्वारातूनच घ्यायचं. ४० अंशांच्या वर असेल तर आरएमओकडे अर्धा तास आहे. बर्फाच्या पाण्याचा हौद तिथेच, मैदानाच्या कडेला तयार हवा. आधी गार करायचं, मग ॲम्ब्युलन्स. उलटं केलं की हॉस्पिटलात पोचेपर्यंत मेंदू आणि लिव्हर शिजलेलं असतं.

फिजिशियनची पाळी त्यानंतरची. पोरगा शुद्धीवर आलाय, हसतोय, पण लघवी चहासारखी. स्नायू फुटून किडनीवर आलेलं असतं. लिव्हरचे आकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळी घेतात, म्हणून पहिल्या दिवशीच्या चांगल्या रिपोर्टवर घरी सोडायचं नाही. मग काही आठवड्यांनी खरा प्रश्न: याला पुन्हा कधी पळवायचं, पळवायचं की नाही? आरएमओ तेच विचारायला फोन करतो, कारण त्याला पुढच्या बॅचचं वेळापत्रक लावायचं असतं.

उंचीवर गाठ अशीच पडते. आपल्या सैन्याचा शिरस्ता आहे: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस थांबायचं, १५,००० पर्यंत आणखी चार, त्याच्या वर आणखी चार. घाईतल्या अधिकाऱ्याला हे चौदा दिवस पाळायला लावणं आरएमओचं काम. हा हट्ट उगाच नाही. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांच्या पर्वत-आजारावर केलेला अभ्यास १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला, आणि जगभरचे लोक अजून त्याचा दाखला देतात. त्यात विदर्भाची एक खास भर घालायला हवी. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, आणि ज्याच्यात त्याचं एकच जीन आहे असा माणूस इथे आयुष्यभर ठणठणीत राहतो. तोच उंचीवर पोचल्यावर डाव्या बरगडीखाली कळ आली म्हणाला तर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. आरएमओने त्याला ऑक्सिजन लावून खाली उतरवायचं. फिजिशियनने सोनोग्राफीबरोबर गाव आणि घरचा इतिहास विचारायचा.

नागपूरकरांचा आणखी एक गोंधळ: ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक या दोन्हींत बसत नाही. २००३ साली सुरू झालेली ती माजी सैनिकांची आरोग्य योजना. तिथले डॉक्टर कंत्राटी, आणि तिथून पेशंट मिलिटरी हॉस्पिटलात किंवा पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलात जातो. पी-टू वगैरेशी त्यांचा संबंध नाही.

तेव्हा त्या इंटर्नला उत्तर काय? तंबू चुकण्याची खात्री नाही, आणि एमडी झाल्यावरही नाही. लहान मिलिटरी हॉस्पिटलात मेडिकल स्पेशालिस्ट कधी कधी एकटाच असतो. हार्ट अटॅक, सर्पदंश आणि कर्नलसाहेबांच्या सासूबाईंची शुगर, रात्रीचे सगळे फोन त्यालाच. कार्डिऑलॉजिस्ट पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला. फील्ड हॉस्पिटलची पाळी येते, काँगोमधल्या गोम्यात संयुक्त राष्ट्रांसाठी भारतीय सैन्याने चालवलेल्या हॉस्पिटलचीही येऊ शकते. तिथे मलेरिया भरपूर. गडचिरोलीचे पेशंट बघत मेडिकलला शिकलेल्या पोराला त्याचं फारसं अप्रूप वाटू नये.