लीडऑफ हिटरची रँकिंग: रिकी पहिला, पण दुसरा कोण?

बेसबॉलमधला आजवरचा सगळ्यात भारी लीडऑफ हिटर, म्हणजे टीमच्या ऑर्डरमध्ये पहिला बॅटिंगला येणारा, कोण, ही यादी करायला बसलं की पहिलं नाव लिहायला वेळच लागत नाही. रिकी हेंडरसन. १४०६ स्टील (हिट नसताना पळून चोरलेले पुढचे बेस), २२९५ रन (चारही बेस फिरून पूर्ण केलेल्या फेऱ्या), ३०५५ हिट्स (बॉल मारून बेस गाठणं), २१९० वॉक (पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, चार खराब बॉल टाकले की फुकट मिळणारा पहिला बेस) आणि टीमची बॅटिंग उघडतानाच मारलेले ८१ होम रन. स्टील आणि रन या दोन्हीत आजही त्याच्या वर कोणीच नाही. वाद सुरू होतो दुसऱ्या नंबरपासून, आणि तो का मिटत नाही हे कळायला जरा मागे जावं लागतं, कारण पहिल्या नंबरवर येणाऱ्या माणसाचं नेमकं काम काय याचं उत्तरच काळाप्रमाणे बदलत गेलंय.

क्रिकेटचा ओपनर आउट झाला की त्याची इनिंग संपली, इथे नऊ जणांची ऑर्डर फिरत राहते. त्यामुळे लीडऑफ हिटर इनिंग उघडणार हे नक्की असतं फक्त पहिल्या इनिंगला, नंतर त्याची पाळी कधीही येऊ शकते. पण १६२ मॅचच्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त वेळा बॅटिंगला येतो तो हाच, ऑर्डरमध्ये एकेक जागा खाली गेलं की वर्षाला साधारण १८ संधी कमी होतात. मग तिथे आउट न होता बेसवर पोचणारा माणूस हवा, इतकं साधं गणित आहे हे. पण ते गळी उतरायला बेसबॉलला शंभर वर्षं लागली.

१८९० च्या दशकात फिलाडेल्फिया आणि बॉस्टनकडून खेळलेला बिली हॅमिल्टन बघा. करिअरचं ऑन-बेस पर्सेंटेज .४५५, म्हणजे जवळपास दर दोन वेळांमागे एकदा बेसवर, आणि १८९४ मध्ये तर एकाच सीझनला १९० च्या वर रन. त्याच्या नावावर ९०० पेक्षा जास्त स्टीलही आहेत, पण १८९७ पर्यंत दुसऱ्याच्या हिटवर एखादा बेस जास्तीचा पळून काढला तरी तो स्टील म्हणून धरायचे, त्यामुळे तो आकडा रिकीच्या शेजारी ठेवता येत नाही. बेसवर पोचण्याचा आकडा मात्र खणखणीत आहे.

पुढे बेब रूथच्या जमान्यात होम रन आले आणि पळापळी मागे पडली. १९५० च्या दशकात वॉशिंग्टनला एडी योस्ट होता, बॅटिंग अ‍ॅव्हरेज (यात फक्त हिट्स मोजतात, वॉक नाही) फक्त .२५४, पण १६१४ वॉक घेऊन ऑन-बेस .३९४. लोक त्याला चालणारा माणूस म्हणायचे आणि कौतुक तिथेच संपायचं, कारण वॉक हे बॅटरचं कसब आहे असं फारसं कोणी मानतच नव्हतं. १९५४ मध्ये टीमचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीने (हा हेंडरसन नव्हे) आकडेतज्ज्ञ अ‍ॅलन रॉथच्या मदतीने ऑन-बेसचं महत्त्व जाहीरपणे मांडलं होतं, पण मेजर लीगने ते अधिकृत आकड्यांत घेतलं १९८४ ला. तीस वर्षं!

या मधल्या काळात सगळं वेड वेगाचं. लुईस अपारिसिओ १९५६ ते १९६४ सलग नऊ वर्षं स्टीलमध्ये लीगमध्ये पहिला, पण ऑन-बेस .३११. मॉरी विल्सने १९६२ मध्ये १०४ स्टील करून टाय कॉबचा १९१५ चा ९६ चा रेकॉर्ड मोडला आणि त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. मग लू ब्रॉक, १९७४ ला ११८ आणि करिअरमध्ये ९३८. ब्रॉक मोठाच खेळाडू, ३०२३ हिट्स काही कोणी फुकट देत नाही, पण ऑन-बेस .३४३, आणि स्टील करताना ३०७ वेळा पकडला गेला. प्रत्येक पकडीमागे एक आउट जातो हे त्या काळी कोणी मोजत बसत नव्हतं.

रिकीने १९८२ ला १३० स्टील करून ब्रॉकला मागे टाकलं, १ मे १९९१ ला करिअरचा रेकॉर्डही घेतला. पण तो पहिला आहे तो एवढ्यासाठी नाही, वाकून उभं राहून पिचरला टार्गेटच छोटं करून द्यायचा, वॉक घ्यायचा, आणि पिचरची चूक होऊन सोपा बॉल मिळाला की थेट स्टँडमध्ये मारायचा. जुनी फूटपट्टी लावा किंवा नवी, तोच पहिला येतो.

आता दुसरा. माझ्या मते टिम रेन्स, आणि हे मी अगदी ठामपणे म्हणतोय. माँट्रियलकडून खेळायचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या पेपरांच्या नजरेबाहेर, आणि त्यात रिकीच्याच काळात. ८०८ स्टील आणि पकडला गेला फक्त १४६ वेळा, जवळपास ८५ टक्के यश. ऑन-बेस .३८५. त्याच काळातला नावाजलेला बॅटर टोनी ग्विन करिअरमध्ये हिट, वॉक आणि अंगावर लागलेले बॉल धरून ३९५५ वेळा बेसवर गेला, रेन्स ३९७७ वेळा. ग्विनला हॉल ऑफ फेम, म्हणजे पत्रकारांच्या मतांनी मिळणारा बेसबॉलमधला सगळ्यात मोठा मान, पहिल्याच झटक्यात मिळाला, रेन्सला २००८ ला २४.३ टक्के मतं पडली आणि दहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्षी, २०१७ ला आत घेतलं. केवढा अन्याय आहे हा! आणि तोही फक्त वॉकला हिटइतका मान नव्हता म्हणून.

तिसरा हॅमिल्टन. त्यानंतर वेड बॉग्ज, पीट रोज, इचिरो यांच्यात आवडीप्रमाणे वरखाली करा. बॉग्जचे अख्ख्या करिअरमध्ये फक्त २४ स्टील, तरी ऑन-बेस .४१५, त्यामुळे लीडऑफला वेगवानच माणूस लागतो हा समज त्याच्याकडे बघूनच सोडून द्यायला हवा. इचिरोचे २००४ चे २६२ हिट्स थक्क करणारेच, पण वॉक कमी, म्हणून मी त्याला बॉग्जच्या खाली ठेवतो. ब्रॉक माझ्याकडे त्याच्याही खाली.

हल्ली तर टीमचा सगळ्यात तगडा बॅटरच पहिला पाठवतात. काइल श्वार्बरने २०२४ ला बॅटिंग उघडताना १५ होम रन मारले, एका सीझनचा रेकॉर्ड, मुकी बेट्स आणि ओहतानीही तिथेच खेळलेत, त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत ही यादी पुन्हा हलणार. पण त्याआधी केनी लॉफ्टनचं काहीतरी करा, ६२२ स्टील, ऑन-बेस .३७२, सेंटर फील्डला जबरदस्त, आणि २०१३ ला हॉल ऑफ फेमसाठी फक्त ३.२ टक्के मतं पडून पहिल्याच वर्षी यादीतून बाहेर. रेन्सला निदान दहा वर्षं तरी मिळाली होती.