आरसी कारच्या बॉडीचं एअरब्रश पेंटिंग

रिमोटवर पळणाऱ्या आरसी कारची पारदर्शक बॉडी एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या छोट्या बंदुकीने, आतल्या बाजूने रंगवायची, असं हे काम. आतल्या बाजूने हे नीट लक्षात ठेवा, नवीन माणूस बहुतेक वेळा तिथेच चुकतो. बॉडी पॉलिकार्बोनेटची असते, हॉबीवाले तिला सरसकट लेक्सान म्हणतात, खरं तर ते ब्रँडचं नाव आहे. हे प्लास्टिक १९५३ मध्ये जर्मनीत बायरच्या हर्मन श्नेल यांना आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांना जवळजवळ एकाच वेळी सापडलं. रंग आत असला की गाडी उलटली, भिंतीला घासली तरी ओरखडे बाहेरच्या प्लास्टिकवर पडतात, रंग सुरक्षित राहतो, आणि चकाकी आयती मिळते. शोकेसमध्ये ठेवायच्या स्टायरीन प्लास्टिकच्या मॉडेल किटचं वेगळं, तिला रंग बाहेरूनच. म्हणून रंगही वेगळे येतात, तामिया कंपनीची पीएस मालिका पॉलिकार्बोनेटसाठी आणि टीएस स्टायरीनसाठी, चुकून टीएस लेक्सानवर मारला तर बॉडी वाकली की रंगाचे पापुद्रे सुटतात.

आतून रंगवायचं म्हटलं की सगळा क्रमच उलटा होतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत अंगाचा रंग आधी होतो आणि डोळ्यांची आखणी शेवटी, इथे आखणी आधी आणि अंग नंतर, कारण जो थर पहिला बसतो तोच बाहेरून सगळ्यात वर दिसतो. म्हणून गडद रंग आधी, फिके नंतर. फ्लुरोसंट रंगाच्या मागे पांढरा थर द्यायलाच लागतो, नाहीतर तो मळकट दिसतो.

सुरुवातीला ग्रॅव्हिटी फीड (रंगाची वाटी वर असलेला), डबल अॅक्शन, ०.३ ते ०.५ मिमी नोझलचा एअरब्रश घ्या. ट्रिगर खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. सवय अशी लावायची की हवा आधी सुरू आणि शेवटी बंद, रंग मधल्या मधे, नाहीतर टोकावर साठलेला थेंब पुढच्या वेळी बॉडीवर उडतो. कंप्रेसर टाकीवाला असला तर हवा एकसारखी येते, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात रंगवणार असाल तर पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप हवाच, त्यावर पैसे वाचवू नका. दाब २० ते ३० पीएसआय पुरतो, रंग दुधासारखा पातळ. फार जवळून, पातळ रंग जोरात मारला की कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात, फार लांबून मारला की रंग हवेतच सुकून पावडरीसारखा बसतो. हात बसवायला कोल्ड्रिंकची पारदर्शक बाटली उभी कापा आणि आतून रंगवा, महागडी बॉडी घ्यायच्या आधी अशा दहा-बारा बाटल्या खराब केलेल्या परवडतात.

खरी बॉडी आधी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायची, साच्यातलं तेलकट काहीतरी आत राहिलेलं असतं, आणि धुतल्यावर आत बोट लावायचं नाही. खिडक्यांचे मास्क, म्हणजे तिथे रंग लागू नये म्हणून लावायचे स्टिकर, आतून चिकटवायचे. डिझाइन करायचं असेल तर लिक्विड मास्कचे (सुकल्यावर सोलून काढता येणारं द्रव) ३-४ जाड थर, रात्रभर सुकवून नव्या ब्लेडने हलक्या हाताने कापायचा, मास्क कापला गेला पाहिजे पण लेक्सान नाही, कारण ब्लेडची रेघ उमटली की पुढे तडा तिथूनच जातो. मग पातळ पातळ थर. पहिल्या थरानंतर आरपार दिसतं म्हणून घाबरून जाड थर मारू नका, तीन-चार थरांत आपोआप भरतं. ड्रायर लांबून आणि कमी गरम, पॉलिकार्बोनेट तापलं की बॉडीचा आकार जातो. अॅसिटोन बॉडीजवळही आणू नका, त्याने तडे जातात.

सॉल्व्हंटचा रंग असेल तर खिडकी उघडी, जवळपास ज्योत नको, आणि ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला मास्क, साधा एन९५ वाफा अडवत नाही. ब्रश प्रत्येक रंगानंतर लगेच धुवायचा, सुकलेला रंग सुईवर बसला की पुढचा तास त्यातच जातो.

बाहेरून बॉडीवर एक पातळ फिल्म असते, ती शेवटपर्यंत काढायची नाही. चाकांच्या कमानी कापणं, बॉडी ज्या खुंट्यांवर बसते त्या पोस्टची भोकं पाडणं सगळं फिल्म असतानाच उरकायचं, म्हणजे कात्री घसरली तरी ओरखडा तिच्यावर जातो.