सीताफळावर पांढरं दिसलं की लगेच पंप उचलू नका

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले, धारूर-अंबाजोगाईकडचे बागायतदार मिलीबगच्या (पिठ्या ढेकणाच्या) बंदोबस्तासाठी आमच्याकडून क्रिप्टोलिमसचे, म्हणजे मिलीबग खाणारे मित्रभुंगेरे नेतात. पंधरा-वीस दिवसांनी हमखास एखादा फोन येतो: “भुंगेरे सोडले, पण मिलीबग उलट मोठा झाला. काल फवारणी घेतली.”

तो मोठा झालेला मिलीबग नव्हताच. ती तुम्ही पैसे मोजून नेलेल्या भुंगेऱ्याची अळी होती. हे ऐकलं की आम्हाला फार वाईट वाटतं, म्हणून हा कागद.

फळ हातात घ्या. फळाच्या डोळ्यांच्या खाचांत चिकटून बसलेला, ३-४ मिलिमीटरचा पिठासारखा कीडा म्हणजे मिलीबग. मित्रअळी, म्हणजे भुंगेऱ्याची अळी, तीही पांढरीच, पण पूर्ण वाढली की १३ मिलिमीटरपर्यंत जाते आणि अंगावर पिंजलेल्या कापसासारखे लांब धागे असतात. ओळख पटत नसेल तर काडीने डिवचा. मिलीबग जागचा फारसा हलत नाही. अळी तुरुतुरु चालू लागते. भुंगेरा मात्र काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली आणला गेला.

भुंगेरे एकरी ६०० लागतात. संध्याकाळी सोडा, आणि सगळ्या बागेत उधळू नका. जिथे मिलीबग दाट आहे त्याच झाडांवर सोडा. आधीचे दोन-तीन आठवडे रासायनिक फवारणी नको. एप्रिल-मेच्या उन्हात ते तग धरत नाहीत, तेव्हा मागू नका.

खरी अडचण मुंगळ्यांची. मिलीबगच्या चिकट गोड पाण्यासाठी ते त्याची राखण करतात, मित्रअळीला हुसकावून लावतात. त्याच चिकट्यावर पुढे काजळी धरते. भुंगेरे सोडण्याआधीच खोडाला हातभर उंचीवर प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस सालीला लागू देऊ नका. जमिनीला टेकलेल्या फांद्या आणि झाडाला भिडलेलं गवतही काढा, नाहीतर मुंगळे तिथून चढतात आणि पट्टी फुकट जाते.

प्रादुर्भाव दोन-चार झाडांवरच असेल तर भुंगेरे विकत घेऊच नका. किडकी फळं-फांद्या तोडून जाळा, तेवढं पुरतं.

शंका आली तर आधी फळाचा जवळून फोटो काढून आम्हाला पाठवा. उत्तर येईपर्यंत पंप भरू नका.