सुई घरी कशी पोचली: अँटिबायोटिक इंजेक्शनांची पार्श्वभूमी

पेनिसिलिन हाताशी आलं तेव्हा ते घेण्यासाठी दवाखान्यातच पडून राहावं लागे. याला मुख्य कारण मूत्रपिंड. साधं पेनिसिलिन मूत्रपिंड इतक्या वेगाने बाहेर टाकतं की रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण अर्ध्या तासात निम्म्यावर येतं. 1941 मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसावर उपचार चालू असताना साठा संपत आला, तेव्हा त्याच्याच लघवीतून पेनिसिलिन वेगळं काढून पुन्हा त्याला टोचलं गेलं. ते पुरलं नाही आणि तो वाचला नाही. पुढे उत्पादन वाढलं, तरी दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, इंजेक्शन द्यावंच लागे. घरी हे कोण करणार?

त्यामुळे दवाखान्याबाहेरच्या इंजेक्शनाचा इतिहास बघताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो: औषध अंगात किती तास टिकतं? पहिला तोडगा काढला तो अमेरिकी सैन्यातले डॉक्टर मन्रो रोमान्स्की यांनी. पेनिसिलिन शेंगदाण्याच्या तेलात आणि मधमाशांच्या मेणात घोटायचं, म्हणजे ते स्नायूत साठून हळूहळू झिरपतं. मग प्रोकेन पेनिसिलिन आलं. ते तेलात ॲल्युमिनियम मोनोस्टिअरेटबरोबर मिसळलं की एका टोचणीचा परिणाम काही दिवस राही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बेन्झाथिन पेनिसिलिन आलं, ते दोन ते चार आठवडे टिकणारं. औषध इतकं टिकू लागल्यावर रुग्णाला खाटेवर ठेवण्याचं कारणच उरलं नाही.

याचा सर्वांत मोठा वापर यॉज या रोगावर झाला. उष्ण, दमट प्रदेशांतल्या गरीब मुलांच्या कातडीला आणि हाडांना खाणारा हा रोग पेनिसिलिनच्या एका टोचणीत बरा होई. 1952 ते 1964 या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मोहिमांनी 46 देशांत सुमारे 5 कोटी लोकांवर उपचार केले. तेही गावातल्या झाडाखाली, शाळेच्या पडवीत. टोचणारे बहुतेक थोडकं प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी. पिंपरीला 1954 मध्ये उभा राहिलेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना याच दोन संस्थांच्या मदतीने आला, हेही इथे नोंदवायला हवं. भारतात यॉज मागे राहिला तो मुख्यतः दुर्गम आदिवासी भागांत. 1996-97 मध्ये ओडिशातल्या कोरापुटपासून निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, शेवटचा रुग्ण 2003 मध्ये नोंदला गेला आणि 2016 मध्ये देश यॉजमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

बेन्झाथिन आजही लागतं, विशेषतः संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना. दर तीन-चार आठवड्यांनी 12 लाख युनिटपर्यंत, वर्षानुवर्षं. न्यूझीलंडमध्ये नर्स शाळेत किंवा घरी जाऊन ते देतात. औषध विरघळत नाही, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात. म्हणून सुई जाड घ्यावी लागते (21 गेज चालते), पूड नीट हलवून लगेच टोचायची आणि दट्ट्या सावकाश पण न थांबता दाबायचा. मध्ये थांबलं की सुई तुंबते. हे शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, त्यामुळे ते फक्त स्नायूतच द्यायचं.

श्रीमंत देशांतली वाट वेगळी होती. 1974 मध्ये अमेरिकेत रकर आणि हॅरिसन या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसांत चिकट कफ साठवणारा आनुवंशिक आजार) मुलांना शिरेतली अँटिबायोटिक्स घरी देण्याचा अनुभव मांडला. 1978 मध्ये कॅनडातून तसाच अनुभव आला. 1983 पासून अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) रुग्णालयांना दिवसांप्रमाणे पैसे देण्याऐवजी आजाराप्रमाणे ठरावीक रक्कम देऊ लागली, तेव्हा रुग्णाला लवकर घरी पाठवणं रुग्णालयाच्या फायद्याचं झालं. त्याच सुमारास दिवसातून एकदाच द्यावं लागणारं सेफ्ट्रियाक्सोन बाजारात आलं. दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब नळी आठवडेच्या आठवडे ठेवता येऊ लागली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने 1994 पासून घरच्या खाटेलाच रुग्णालयाची खाट मानून पैसे द्यायला सुरुवात केली.

इथे तासांचा हिशेब दुसरीकडून आला: औषध बाटलीत किती वेळ टिकतं? कमरेला लावायच्या रबरी फुग्याच्या पंपातून 24 तास औषध वाहू शकतं, पण मेरोपेनेमसारखं अँटिबायोटिक पाण्यात मिसळल्यावर काही तासांतच त्याचा जोर कमी होऊ लागतो. पंप अंगाच्या उबेला किंवा उन्हात तापला की औषध ठरल्यापेक्षा वेगाने जातं. नळीतून जंतुसंसर्ग होतो, शिरेत गुठळी होते. म्हणून पहिला डोस देखरेखीखाली आणि त्यानंतर साधारण आठवड्याला रक्ततपासणी, हा नियम.

मात्र या साऱ्या सोयी असलेल्या घरांपेक्षा इंजेक्शनाची निकड जास्त होती ती रस्ताच नसलेल्या घरांत. 1995 पासून गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत जे केलं, त्याचं मोल यातच आहे. नवजात बाळाच्या रक्तात जंतू पसरले की काही तासांत ते दगावू शकतं, आणि आईबाप रुग्णालयात न्यायला तयार नसत किंवा नेऊ शकत नसत. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना लक्षणं ओळखायला शिकवलं. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण होणं, दूध ओढणं मंदावणं, गुंगी, ताप किंवा अंग गार पडणं, पोट फुगणं, बेंबीत पू, कण्हणं. यांतली दोन लक्षणं एकदम दिसली तर आईवडिलांची संमती घेऊन जेन्टामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्सॅझोल. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर या गावांत हजारी 25.5, तर तुलनेच्या गावांत 59.6 होता. जंतुसंसर्ग झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं.

औषध जुनंच होतं. नवं होतं ते सुई कुणाच्या हातात द्यायची याबद्दलचं धाडस. भीतीलाही आधार आहे. कंबोडियातल्या रोका गावात 2014 मध्ये आणि सिंधमधल्या रातोदेरोत 2019 मध्ये वापरलेल्याच सुया-सिरिंजांमुळे शेकडो लोकांना, त्यांत पुष्कळ मुलांना, एचआयव्ही झाला. पण तिथे सुई होती ती कसल्याही देखरेखीशिवाय, बहुधा गरज नसताना टोचणाऱ्यांच्या हातात. नोंद ठेवणारी, वजन करणारी, दर वेळी नवी सिरिंज फोडणारी प्रशिक्षित बाई आणि असा टोचणारा यांना एकाच मापाने मोजणं मला चूक वाटतं.

पुढे बांगलादेशातलं सिल्हट, पाकिस्तानातली कराची, काँगो, केनिया, नायजेरिया इथल्या अभ्यासांनी प्रश्न बारीक केला: किती टोचण्या पुरतात? त्यावर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयात नेणं शक्य नसलेल्या बाळांसाठी मार्गदर्शन काढलं. गंभीर संसर्गाची चिन्हं असलेल्या बाळाला जेन्टामायसिन दिवसातून एकदा, किलोला 5 ते 7.5 मिलिग्रॅम (जन्मतः कमी वजनाच्या बाळाला 3 ते 4), आणि सोबत तोंडाने अमॉक्सिसिलिन दिवसातून दोनदा 7 दिवस. इंजेक्शनं 7 दिवस द्यावीत किंवा फक्त 2 दिवस.

चूक बहुधा कुपीत होते. 3 किलोच्या बाळाला किलोला 5 मिलिग्रॅमने 15 मिलिग्रॅम लागतात. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅमच्या कुपीतून ते 1.5 मिलिलिटर भरतं, 40 मिलिग्रॅमच्या कुपीतून जेमतेम 0.37. 10 च्या जागी 40 ची कुपी आली तर डोस चौपट होतो, आणि हे औषध मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती बिघडवू शकतं. म्हणून एका भागात एकाच शक्तीची कुपी ठेवावी, ती 40 मिलिग्रॅमची असेल तर 1 मिलिलिटरची सिरिंज वापरावी, आधी बाळ वजनकाट्यावर ठेवावं आणि मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूलाच टोचावं.

या काळात टोचण्या इतरत्रही कमी होत गेल्या. 2012 मध्ये पापुआ न्यू गिनीत ॲझिथ्रोमायसिनचा तोंडाने घेतलेला एकच डोस यॉजवर पेनिसिलिनच्या इंजेक्शनाइतकाच चालला. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 26 केंद्रांत हाडा-सांध्यांच्या संसर्गाच्या 1,054 रुग्णांवर झालेल्या चाचणीत शिरेतून औषध घेणाऱ्यांत 14.6 टक्के, तर तोंडाने घेणाऱ्यांत 13.2 टक्के उपचार फसले. नवजात बाळांच्या बाबतीत मात्र सुई अजून सुटलेली नाही.

भारतात 2011 पासून आशा नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देते, आणि 2014 च्या सूचनांनी जेन्टामायसिन देण्याची मुभा एएनएमला (उपकेंद्रातल्या परिचारिकेला) मिळाली. आशा अमॉक्सिसिलिन पाजून बाळाला पुढे पाठवते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तुटतो. तेव्हा एएनएम नदीच्या ज्या काठावर असेल, त्याच काठावरच्या बाळांना ते इंजेक्शन मिळतं.