बीएमएसचं बीकॉम का झालं: व्यवसाय-पदवीच्या अटी आणि पर्यायांची पार्श्वभूमी

२०२४ च्या उन्हाळ्यात मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांच्या प्रवेशसूचनांमध्ये एक नवा अभ्यासक्रम दिसू लागला: बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज). आत डोकावलं तर मार्केटिंग, फायनान्स, एचआर हे ओळखीचेच चेहरे. शिकवणारेही तेच. कालपर्यंत ज्याला बीएमएस (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) म्हणत होते, तेच नाव बदलून आलं होतं. पुण्यातही काही ठिकाणी बीबीए या व्यवस्थापनाच्याच पदवीच्या बाबतीत असंच घडलं. हे का झालं ते कळायला थोडं मागं जावं लागतं, पण फार मागं नाही.

मुंबईत १९१३ साली वाणिज्य शाखेचं स्वतंत्र कॉलेज निघालं, आशियातलं पहिलं. तिथपासून जवळजवळ नव्वद वर्षं व्यवसायाची पदवी म्हणजे बीकॉम. त्यात निवडीला वाव कमी होता. अकाउंट्स, अर्थशास्त्र, कॉमर्स आणि बिझनेस कम्युनिकेशन ठरलेलं, पहिल्या वर्षाला गणित-संख्याशास्त्राचा पेपर, शिवाय फाउंडेशन कोर्स. खरी निवड तिसऱ्या वर्षाला, तीही बहुतेकांनी आधीच केलेली असे: अकाउंट्सचा स्पेशल ग्रुप आणि जोडीला टॅक्स. सीए करणाऱ्यांना ते सोयीचं, म्हणून बाकीचेही तेच घेत. एक्स्पोर्ट मार्केटिंग घेणारा वर्गात वेगळा उठून दिसायचा.

१९९९-२००० च्या सुमाराला मुंबईत बीएमएस सुरू झालं आणि चित्र बदललं. पुढच्या काही वर्षांत बीएएफ (अकाउंटिंग आणि फायनान्स), बीबीआय (बँकिंग आणि इन्शुरन्स) असे भाऊबंद आले. हे सगळे विनाअनुदानित, बोलीभाषेत ‘सेल्फ फायनान्स’. अनुदानित बीकॉमच्या तुलनेत फी कितीतरी पट, तुकडी साठ जणांची, शिकवायला बरेचदा कंपन्यांतून किंवा सीएच्या ऑफिसातून येणारे ‘व्हिजिटिंग’ प्राध्यापक. बीएमएसचे दरवाजे कॉमर्सपुरते नव्हते, हे इथं लक्षात ठेवायला हवं. जागा बारावीच्या शाखेप्रमाणे वाटलेल्या असत: कॉमर्सला ४५ टक्के, आर्ट्स आणि सायन्सला २५-२५, उरलेल्या डिप्लोमा वगैरेंना. त्यामुळे एकाच कॉलेजात एकाच दिवशी तीन कटऑफ लागत, आणि आर्ट्सचा कटऑफ कॉमर्सपेक्षा बराच खाली आला की पालकांची कुजबुज सुरू व्हायची. काही नामवंत कॉलेजं मार्कांवर न थांबता स्वतःची प्रवेशपरीक्षा घेत.

या काळातली बीएमएसची रचना मला आजच्यापेक्षा सरळ वाटते. सहा सत्रं, १२० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक). पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं. २०१६ च्या आसपासच्या बदलानंतर दुसऱ्या वर्षापासून फायनान्स, मार्केटिंग किंवा एचआर यांपैकी एक गट धरायचा. एका सत्रात त्या गटातले दोन पेपर, तिसऱ्या वर्षाला चार. गट एकदा धरला की धरला, थोडा मार्केटिंगचा आणि थोडा फायनान्सचा असं जेवणाचं ताट करता येत नसे. शेवटच्या सत्राला १०० गुणांचा प्रोजेक्ट. त्याला सगळी मुंबई ‘ब्लॅक बुक’ म्हणते, कारण काळ्या कडक बांधणीवर सोनेरी अक्षरांत नाव छापून तो जमा करायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलेजच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यांकडे रांगा लागत. मागच्या बॅचचा प्रोजेक्ट नाव बदलून देणारेही तिथंच भेटत, हे सांगायलाच हवं. तरीही प्रश्नावली काढून पन्नास दुकानदारांकडे जाणारी मुलं होती, आणि नोकरीच्या मुलाखतीत त्यांना बोलायला काहीतरी असायचं.

आता वादाचा भाग. डिसेंबर २०२३ मध्ये तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं (एआयसीटीई) २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि संगणकाची बीसीए आपल्या मंजुरीखाली आणले. तोवर पदवी-पातळीवरचं व्यवस्थापन हा विद्यापीठांचा प्रांत होता. परिषदेचा आधार १९८७ चा कायदा. त्यात तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत अभियांत्रिकी, वास्तुकला, औषधनिर्माण यांच्या रांगेत ‘व्यवस्थापन’ हा शब्द आहे. ‘वाणिज्य’ नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत बीएमएस आत, बीकॉम बाहेर, मग दोन्हींत कॉस्ट अकाउंटिंग एकाच पुस्तकातून शिकवलं तरी. अधिकारक्षेत्राचं हे भांडण नवं नव्हतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांना परिषदेची पूर्वमंजुरी लागत नाही, अशा अर्थाचा निकाल दिला होता, आणि पुढच्याच वर्षी अंतरिम आदेशानं ती पूर्वमंजुरी पुन्हा लागू झाली. तेव्हा वाद एमबीएसारख्या अभ्यासक्रमांचा होता. दहा वर्षांनी तो बारावीनंतरच्या वर्गापर्यंत उतरला.

परिषदेची बाजू दर्जाची: गल्लोगल्ली निघालेल्या बीबीएला किमान निकष हवेत, देशभर एक नमुना अभ्यासक्रम हवा. तो नमुना २०२४ मध्ये आलाही. यात तथ्य आहे. दोन खोल्या आणि चार व्हिजिटिंग शिक्षकांवर चाललेले वर्ग कोणी पाहिले नाहीत? पण महाराष्ट्रात मंजुरीच्या पाठोपाठ सामायिक प्रवेशपरीक्षाही (सीईटी) आली, आणि घोळ तिथं झाला. मंजुरी कॉलेजाला हवी होती; परीक्षा मात्र मुलांच्या गळ्यात पडली. बारावीची परीक्षा तोंडावर असताना ही नवी सीईटी जाहीर झाली. अनेकांना ती द्यावी लागते हेच बारावीच्या निकालानंतर कळलं. मे महिन्यात परीक्षा झाली, तर परीक्षार्थींपेक्षा जागाच कितीतरी जास्त. प्रवेशपरीक्षा गर्दीतून निवड करण्यासाठी असते. इथं गर्दीच नव्हती. म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा परीक्षा घेतली. तोवर इतर कॉलेजांतलं पहिलं सत्र सुरू होऊन गेलं होतं.

ज्या कॉलेजांना हे दिसलं त्यांनी पळवाट शोधली. पदवीचं नाव बीकॉम, कंसात मॅनेजमेंट स्टडीज. परिषद नको, सीईटी नको, प्रवेश पूर्वीसारखा बारावीच्या गुणांवर. विद्यापीठानंही त्याला वाट दिली. यावर ‘नावात काय आहे’ म्हणून खांदे उडवणारे भेटतात, पण पहिल्यांदा पदवी घेणाऱ्या घरातल्या मुलीला दोन शेजारच्या कॉलेजांत एकच शिक्षण दोन नावांनी, दोन वेगळ्या दारांतून मिळतं, हे समजावून सांगणार कोण? नाव बदलणाऱ्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. रिकाम्या वर्गावर विनाअनुदानित शिक्षकाचा पगार निघत नाही.

या सगळ्या गदारोळात दुसरा, खरं तर मोठा बदल झाकला गेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. आता मुख्य विषय म्हणजे मेजर, सोबत दुय्यम विषय म्हणजे मायनर, खुले ऐच्छिक म्हणजे ओई, कौशल्याचे पेपर, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणालीची २ क्रेडिट आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण म्हणजे ओजेटी, ४ क्रेडिट, साधारण १२० तास. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चौथं वर्ष केलं तर १६० ते १७६. एका किंवा दोन वर्षांनी प्रमाणपत्र वा डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, त्यासाठी ४ क्रेडिटचं जादा कौशल्यकाम करावं लागतं.

कागदावर पर्याय वाढले. वर्गात ते वेळापत्रकाला आणि शिक्षकांच्या वर्कलोडला बांधलेले असतात. ओई दुसऱ्या विद्याशाखेतलाच हवा, हा नियम. ज्या कॉलेजात फक्त कॉमर्सच आहे तिथं मानसशास्त्र किंवा खगोलशास्त्र आणायचं कुठून? मग असलेल्या शिक्षकांना झेपेल असा एखादा पेपर बेतायचा आणि साठच्या साठ मुलांनी तोच ‘निवडायचा’. मायनरचंही फारसं वेगळं नाही. ज्या विभागाचे तास कमी पडतात त्याचा विषय मायनर म्हणून पुढं येतो. जुन्या बीएमएसमध्ये तीन गट होते, पण तीनही खरोखर चालायचे. एचआरला पंधरा मुलं असली तरी वर्ग भरायचा.

चौथ्या वर्षाबद्दल पालक सर्वांत जास्त विचारतात. ते पूर्ण करून ऑनर्स पदवी घेतली तर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात होऊ शकतं. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. पण हा हिशेब एमकॉमसारख्या पदवीचा. राज्यातलं नेहमीचं एमबीए किंवा त्याच्याच तोडीचं एमएमएस दोन वर्षांचंच आहे, तीन वर्षांच्या पदवीवरही त्याला प्रवेश मिळतो आणि त्याची सीईटी वेगळी द्यावीच लागते. बीएमएसला येणाऱ्या बहुतेकांचा डोळा एमबीएवरच असतो, आणि त्यांचं चौथ्या वर्षानं एकही वर्ष वाचत नाही.