दोन पाट्या, एक पायरी : सुभेदार आणि वॉरंट ऑफिसर या पदांची पार्श्वभूमी

पुण्यात धानोरी-विश्रांतवाडीच्या अंगाला निवृत्त फौजींची वस्ती बरीच. तिथल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोन पाट्या आहेत. एकीवर ‘सुभेदार (निवृत्त)’, दुसरीवर ‘वॉरंट ऑफिसर (निवृत्त), भारतीय वायुसेना’. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांनी जिन्यातच वाद घातला, की दोघांत मोठं कोण? एकाच्या मते वॉरंट ऑफिसर, कारण त्यात ‘ऑफिसर’ आहे. दुसऱ्याच्या मते सुभेदार, कारण मल्हारराव होळकर सुभेदार होते.

दोघंही चुकले. हे दोन्ही हुद्दे बरोबरीचे आहेत. भूदलातला नायब सुभेदार म्हणजे वायुसेनेतला ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, सुभेदार म्हणजे वॉरंट ऑफिसर, सुभेदार मेजर म्हणजे मास्टर वॉरंट ऑफिसर. नौदलात याच पायऱ्यांवर चीफ पेटी ऑफिसर आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर बसतात. पण एकाच देशाच्या फौजांत एकाच पायरीला इतकी वेगळी नावं का, याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं. त्यातला काही भाग तर थेट खडकीच्या आसपासच घडला आहे.

आधी ‘वॉरंट’ या शब्दाचं बघू. आपल्याकडे वॉरंट ‘निघतं’ आणि ते निघालं की माणूस गावातून गायब होतो. फौजेत राहिलेल्या माणसाला आणखी एक वॉरंट माहीत असतं, ते रेल्वेचं. सुट्टीवर निघताना तिकीट खिडकीवर पैशांऐवजी तो कागद सरकवायचा. दोन्हींत मूळ अर्थ तोच, वरून आलेलं लेखी अधिकारपत्र. ब्रिटिश नौदलात जहाजावरच्या बड्या अधिकाऱ्याला राजाच्या नावाने ‘कमिशन’, म्हणजे अधिकारपदाची सनद, मिळे आणि तो बहुधा चांगल्या घराण्यातला असे. मात्र घराण्यावर जहाज चालत नाही. शिडं-दोरखंड सांभाळणारा, तोफांचा जाणकार, सुतार, कोठीवाला ही माणसं हाताशी लागतातच. त्यांना कमिशन द्यायचं नव्हतं आणि साध्या खलाशांत ढकलूनही चालणार नव्हतं, म्हणून नौदलाच्या मंडळाकडून त्यांना ‘वॉरंट’ दिलं जाई. कोकणातल्या गलबतावर ज्याला सारंग म्हणतात, तो इंग्रजी जहाजावर वॉरंटवाला होता. कप्तान बदलत राहत. सारंग, तोफवाला आणि सुतार हे तिघे मात्र जहाज गोदीत उभं असलं तरी त्याच्याच पटावर राहत. म्हणजे हे पद जन्मलं ते कारागिरीच्या पोटी.

ब्रिटिश भूदलाने ते बऱ्याच उशिरा, 1881च्या सुधारणांत, नीट मांडून घेतलं आणि 1915 मध्ये त्याचे दोन वर्ग केले. अमेरिकेत तर सुरुवात पुन्हा पाण्यापासूनच झाली. 9 जुलै 1918च्या कायद्याने बंदरांत पाणसुरुंग पेरणाऱ्या बोटींचे तांडेल आणि इंजिन सांभाळणारे लोक वॉरंट ऑफिसर झाले. आज अमेरिकी भूदलात या पदाच्या पाच श्रेणी आहेत आणि प्रत्येक खासियतीला एक सांकेतिक क्रमांक. हेलिकॉप्टर चालवणं, दारूगोळा, खानपान, गुन्हे अन्वेषण, संगणक जाळी अशा प्रत्येक क्रमांकापुढे कामं काय आणि पात्रता काय, हे बारकाईने लिहिलेलं असतं. हेलिकॉप्टरसाठी शाळा संपवलेला तरुण थेट अर्ज करू शकतो. तांत्रिक खासियतींना मात्र बहुधा त्या कामात काही वर्षं हात काळे केलेला सार्जंटच लागतो. तिथल्या वायुदलाने 1959 मध्ये वॉरंट ऑफिसर नेमणं बंद केलं, वरिष्ठ सार्जंटांवर भागेल म्हणून. 2024 मध्ये सायबर कामासाठी पद पुन्हा आणलं. 65 वर्षांनी त्यांना कळलं, की प्रत्येक हुशार तंत्रज्ञाला वरच्या खुर्चीत बसून फायली हलवायच्या नसतात.

आता आपल्याकडे. इथल्या हुद्द्यांची नावं इंग्रजांनी बनवली नाहीत, उचलली. शिवछत्रपतींच्या घोडदळात 25 बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी अशी उतरंड होती. बखरकार सभासदाने ती सांगितली आहे, आणि त्यातली मला नेहमी भावणारी गोष्ट म्हणजे दर 25 घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद असे. लढणारा माणूस आणि नाल ठोकणारा माणूस यांची मोजदाद एकाच हिशेबात. गडावर तर हवालदार हा मुख्य अधिकारी, त्याच्या जोडीला सबनीस आणि सरनोबत, कोणा एकाच्या हाती सगळी सत्ता नको म्हणून. आज हवालदार म्हटलं की चौकातला पोलिस आठवतो. सुभेदाराचं त्याहून वाईट झालं. मोगलाईत आणि पेशवाईत सुभेदार म्हणजे अख्ख्या सुभ्याचा धनी. ईस्ट इंडिया कंपनीने तो शब्द घेतला आणि शंभरेक शिपायांच्या कंपनीतल्या देशी अधिकाऱ्याला चिकटवला. माणसांची पदावनती होते, इथे शब्दाचीच झाली.

कंपनीच्या पलटणींत सुरुवातीला देशी अधिकाऱ्याला वजन होतं. पलटणीला देशी कमांडंटही असे. 1796च्या फेररचनेत पलटणीत गोरे अधिकारी वाढले आणि सुभेदाराच्या हातचं बरंचसं काम काढून घेतलं गेलं. बंगालच्या फौजेत बढती निव्वळ सेवाज्येष्ठतेवर मिळे, त्यामुळे सुभेदारीचा पट्टा खांद्यावर चढेपर्यंत माणूस म्हातारा होई. मुंबईच्या फौजेची तऱ्हा निराळी. तिथे बढतीत लायकी बघितली जाई आणि एकाच कंपनीत मराठा, महार, परदेशी (म्हणजे उत्तर हिंदुस्थानी), मुसलमान, बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) असे सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहत. खालच्या मानलेल्या जातीचा सुभेदार ब्राह्मण शिपायाला हुकूम देतो, हे बंगालकडच्या गोऱ्या साहेबांना पचत नसे. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीच्या माळावर पेशवाईचा कणा मोडला. त्यानंतर पुण्यात आणि खडकीत ज्या छावण्या वसल्या त्या या मुंबईच्या फौजेच्या.

या व्यवस्थेतलं सर्वांत मोठं नाव म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांचा उल्लेख आपण ‘सुभेदार’ म्हणून सहज करतो आणि त्यांच्या हातात बंदूक कल्पितो. प्रत्यक्षात रामजींनी पुण्याच्या आर्मी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि नोकरीचा मोठा काळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काढला. फौजेत शिक्षण सक्तीचं होतं, म्हणून फौजेला मास्तर लागत. आजच्या भाषेत सांगायचं, तर त्यांची सुभेदारी एका खासियतीची होती, अध्यापनाची. पुस्तकांनी भरलेलं ते घर या मास्तरकीतून आलं. 1892-93च्या सुमारास सरकारने ‘लढवय्या जातीं’चा सिद्धान्त पुढे करून महारांची भरती थांबवली आणि ही वाटच बंद झाली. 1910 मध्ये जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला, त्यात फौजेची दारं पुन्हा उघडा ही मागणी होती. पहिल्या महायुद्धात एक पलटण उभी राहिली, 1921 मध्ये मोडली. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती 1 ऑक्टोबर 1941 ला, बेळगावात.

दरम्यान ‘देशी अधिकारी’ हे नाव जाऊन ‘व्हाइसरॉयज् कमिशन्ड ऑफिसर’ हे भारदस्त नाव आलं. भारदस्त नावाआडची गोम अशी, की हे कमिशन राजाचं नव्हतं. त्याचा अधिकार फक्त देशी शिपायांवर चाले. 30 वर्षं नोकरी झालेला, छातीवर पदकांची रांग असलेला सुभेदार मेजर कालच विलायतेहून उतरलेल्या सेकंड लेफ्टनंटच्या खालीच. गोऱ्या शिपायाला काळ्याने हुकूम देऊ नये, एवढ्यासाठी ही अख्खी पायरी घातलेली होती. तिची सोय मात्र इतकी होती, की तिच्याशिवाय चालेना. शिपायांची भाषा, गावाकडची भांडणं, कोणाच्या घरी दुष्काळ पडलाय, हे सगळं सुभेदाराला माहीत. साहेबाला पलटण ‘दिसायची’ ती त्याच्याच डोळ्यांनी. 1923 मध्ये ‘हिंदीकरणा’साठी, म्हणजे गोऱ्यांच्या जागी भारतीय अधिकारी आणण्यासाठी, आठ तुकड्या निवडल्या गेल्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी पलटणही होती. तिथे सुभेदारांची प्लाटून-प्रमुखाची, म्हणजे कंपनीतल्या छोट्या तुकडीच्या म्होरक्याची, जागा नव्या हिंदी अधिकाऱ्यांना दिली गेली आणि दोन्हीकडे नाराजी पसरली. गंमत म्हणजे इकडे हे चालू असताना खुद्द ब्रिटिश भूदलाने 1938 मध्ये अनुभवी सार्जंटांकडे प्लाटून सोपवण्यासाठी वॉरंट ऑफिसरचा तिसरा वर्ग काढून बघितला. आपल्या सुभेदाराचीच ती नक्कल म्हणायची. दोनेक वर्षांत गुंडाळली.

मग या काळात हिंदुस्थानात वॉरंट ऑफिसर नव्हतेच का? होते, पण गोरे. खडकीत 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. शस्त्रसामग्री खात्यातल्या गोऱ्या वॉरंटवाल्याला ‘कंडक्टर’ म्हणत. पुण्याच्या पीएमटी बसशी त्याचा काही संबंध नाही, पण हिशेब चोख ठेवायचा हे दोघांचंही काम. थोडक्यात, गोऱ्याला वॉरंट आणि देशी माणसाला व्हाइसरॉयचं कमिशन, अशी सरळ वाटणी होती.

पाट्यांचं कोडं इथे सुटतं. भूदलाकडे सुभेदारीची दीडशे वर्षांची वहिवाट होती, ती स्वातंत्र्यानंतर ‘ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर’, म्हणजे जेसीओ, या नव्या नावाने पुढे चालू राहिली. वायुसेना जन्मली 8 ऑक्टोबर 1932 ला, ब्रिटिश वायुदलाच्या साच्यातून. तिच्यापुढे ना सुभे होते ना जुमले, म्हणून तिने साच्यातलं वॉरंटच घेतलं, तरी पहिल्या शिपायांना ‘हवाई सिपाही’ म्हणण्याचा मोह आवरला नाही. जुन्या ‘जमादार’ हुद्द्याचं नाव 1965 मध्ये ‘नायब सुभेदार’ झालं. पाकिस्तानात आणि नेपाळात सुभेदार अजून आहेत. बांगलादेशाने मात्र जुनी नावं टाकून वॉरंट ऑफिसर स्वीकारले.

आजची कामं आणि पात्रता बघितली, तर या पायरीवर दोन वाटांनी माणूस येतो. एक वाट खालून. शिपाई, नाईक, हवालदार करत वीसेक वर्षं घालवायची, फौजेची शिक्षणाची परीक्षा, नकाशावाचन आणि बढतीचा कॅडर (अभ्यासक्रम) पास व्हायचं, गोपनीय अहवाल स्वच्छ राखायचे. मग खांद्यावर लाल-पिवळ्या-लाल फितीवर एक तारा येतो. सुभेदाराला दोन, सुभेदार मेजरला अशोकस्तंभ. पायदळात बहुतेक प्लाटून जेसीओच्या हाताखाली असतात. युनिटला सुभेदार मेजर एकच, चार वर्षांसाठी. कमांडिंग ऑफिसरच्या खोलीत तो काय बोलला हे बाहेर कोणाला कळत नाही, पण दुसऱ्या दिवशी लंगरातली डाळ घट्ट होते.

दुसरी वाट थेट भरतीची, आणि तिचं एक टोक पुण्यात आहे. फौजेचे धर्मगुरू थेट नायब सुभेदार म्हणून घेतले जातात आणि इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये तयार होतात. पंडिताला पदवी आणि संस्कृतातली शास्त्री किंवा आचार्य ही पात्रता लागते. ग्रंथीला ग्यानी, मौलवीला आलिम. पाद्री रीतसर दीक्षा घेतलेला आणि बिशपच्या यादीतला हवा. बौद्ध भिक्खूंनाही जागा आहेत. आणि शास्त्र कितीही मुखोद्गत असलं, तरी 1600 मीटर आठ मिनिटांत धावावंच लागतं. कामांच्या यादीत पूजापाठ आणि अंत्यविधी असणार हे धरून चालतो आपण. पण रुग्णालयातल्या जवानाशेजारी बसणं आणि शिक्षा भोगणाऱ्या जवानाला जाऊन भेटणं हेही त्यात लिहिलेलं आहे. युनिटमध्ये एकाच छपराखाली सर्वधर्मस्थळ असतं, म्हणून पंडिताला नमाजाच्या वेळा आणि मौलवीला आरतीचा क्रम माहीत असावा लागतो. खानपानाचे जेसीओही असेच थेट येतात, बारावीनंतर पाककलेची पदविका घेऊन.

खेळाडूंची गोष्ट तर पुण्याला ठाऊकच आहे. नीरज चोप्रा 2016 मध्ये राजपुताना रायफल्समध्ये थेट नायब सुभेदार झाला. छावणीतल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या मैदानाला 2021 मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. आपला बीडचा अविनाश साबळे मात्र खालून आला. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये शिपाई, आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमला स्टीपलचेसचं रौप्यपदक घेतलं तेव्हा नावाआधी नायब सुभेदार लागलेलं होतं.

लोहगावच्या धावपट्टीकडे हीच पायरी वेगळी दिसते. विमान उडण्याआधी फॉर्म 700 नावाच्या नोंदवहीत इंजिन, विद्युत, शस्त्रं अशा एकेका कामाच्या सह्या होतात. सगळ्यात शेवटी वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. तंत्रज्ञाच्या कामावर नजर ठेवणारा वॉरंट ऑफिसर ‘नाही’ म्हणाला, तर विंग कमांडरलाही खालीच थांबावं लागतं.

परवा 26 जानेवारीला धानोरीतली एक पाटी उतरवलेली दिसली. ऑनररी कमिशनची, म्हणजे नोकरी संपत आलेल्या जेसीओंना मानाचा अधिकारी हुद्दा देणारी, यादी लागली की फौजी घरांत पेंटरचा फोन शोधतात, म्हणून चौकशी केली. सुभेदार साहेब हसले. त्यांचं नाव यादीत असणं शक्यच नव्हतं, त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मुलाने घराला रंग काढला होता.