अंड्याचा खाडा

परसात चार-पाच कोंबड्या पाळू लागलेल्या माणसाचा पहिल्या काही महिन्यांत एक हिशेब हमखास चुकतो. पाच कोंबड्या म्हणजे रोज पाच अंडी असे तो मनाशी धरून चालतो, आणि एखाद्या दिवशी खुराड्यात हात घातल्यावर तीनच अंडी हाताला लागली की खाद्य, हवा, शेजारचे मांजर किंवा कोंबडीचा स्वभाव यांपैकी कशावर तरी ठपका ठेवून मोकळा होतो. यातले बहुतेक खाडे मात्र कोंबडीच्या शरीराच्या वेळापत्रकात आधीच ठरलेले असतात, आणि ते वाचता आले तर खुराड्यापाशी होणारी निम्मी काळजी वाचते.

मी हे शिकलो ते एका वहीमुळे. आमच्या पाच कोंबड्यांपैकी एकच गडद तपकिरी कवचाचे अंडे देते, त्यामुळे तिचे अंडे ओळखण्यात चूक होत नाही. एका आठवड्यात तिच्या अंड्याची वेळ मी लिहून ठेवली, ती अशी: सोमवारी सकाळी ७:३०, मंगळवारी ९, बुधवारी १०:१५, गुरुवारी ११:४५, शुक्रवारी दुपारी २. शनिवारी खाडा पडला. रविवारी पुन्हा सकाळी ७:३० वाजता ती अंडे घालून ओरडत बाहेर आली.

या सरकत जाणाऱ्या वेळेचे कारण असे, की एक अंडे तयार व्हायला साधारण २५ ते २६ तास लागतात आणि दिवस मात्र २४ तासांचाच असतो. कोंबडीच्या शरीरात सहसा डावा अंडाशयच काम करतो, उजवा वाढतच नाही. या अंडाशयातून सुटलेला पिवळा बलक अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात जातो. पुढच्या सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढऱ्या बलकाचे थर चढतात, त्यानंतर तासा-सव्वातासात कवचाच्या आतली पातळ दुहेरी त्वचा तयार होते, आणि उरलेले जवळजवळ २० तास एकट्या कवचाच्या बांधणीत जातात. अंडे बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पुढचा बलक सुटतो आणि तीच फेरी पुन्हा सुरू होते. दर फेरीला तास-दीड तास जास्त लागत असल्यामुळे अंडे रोज उशिराकडे सरकते.

हे सरकणे अखंड चालू राहिले असते, तर एखादे अंडे मध्यरात्रीही पडले असते. तसे होत नाही, कारण बलक सुटण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एका संप्रेरकाची लाट यावी लागते, आणि ही लाट प्रामुख्याने रात्रीच्या ठरावीक तासांतच येऊ शकते. अंडे दुपारी उशिरा पडले, की पुढच्या बलकासाठीची लाट त्या वेळेच्या चौकटीबाहेर पडते. मग बलक थांबून राहतो, रात्र उलटून पहाटेच्या सुमारास सुटतो, आणि त्याचे अंडे एक दिवस सोडून सकाळी मिळते. माझ्या वहीतला शनिवार हा असा होता. त्या दिवशी कोंबडी रिकामी नव्हती, तिच्या पोटात रविवारचे अंडे तयार होत होते.

कवचाच्या त्या २० तासांकडे जरा निरखून पाहिले पाहिजे, कारण पाळणाऱ्याच्या हातात जे थोडेफार असते ते इथेच. कवच जवळजवळ संपूर्ण कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. कोंबडीच्या रक्तात एका वेळी असलेले कॅल्शियम इतके थोडे असते, की भर पडली नाही तर ते अर्ध्या तासाच्या आत संपून जाईल. त्यातही अडचण अशी, की कवचाचा बराचसा भाग रात्री बनतो, आणि रात्री कोंबडी दांडीवर झोपलेली असून तिची अन्नपिशवी हळूहळू रिकामी होत असते. ही तूट भरून काढण्यासाठी अंड्यावर आलेल्या मादीच्या पायांच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळेच, जाळीदार हाड तयार होते. शरीराचा भार तोलण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. ते कॅल्शियमचे कोठार असते, जे रात्री उपसले जाते आणि दिवसा पुन्हा भरले जाते. असेच हाड टायरनोसॉरस रेक्स या डायनासोरच्या मांडीच्या हाडात आढळल्याचे मेरी श्वाइत्झर यांनी २००५ साली जाहीर केले, तेव्हा तो प्राणी अंड्यावर आलेली मादी असावा असा तर्क त्यावरूनच मांडला गेला.

म्हणून शिंपल्यांचा भरडा वेगळ्या भांड्यात ठेवावा आणि तो जाडसर असावा. बारीक पूड पोटातून लवकर निघून जाते. मोठे तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या स्नायूंच्या पिशवीत, रेंगाळतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळत राहतात. संध्याकाळी दांडीवर चढण्याआधी कोंबड्या या भांड्याभोवती घुटमळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीला दिवस कलताना कॅल्शियमची ओढ वाढते हे प्रयोगांतूनही दिसले आहे. भरडा खाद्यात सरसकट मिसळण्याचा मोह मात्र टाळावा, कारण कोंबड्याला आणि पिल्लांना त्याची गरज नसते आणि जास्तीचे कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधते.

एका दिवसाच्या खाड्याचे हे झाले. आठवडेच्या आठवडे अंडी बंद होतात तेव्हा कारण बहुधा उजेडात सापडते. कोंबडी उजेड केवळ डोळ्यांनी मोजत नाही. तिच्या मेंदूच्या आतल्या भागातही प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीच्या पातळ हाडातून पाझरलेला प्रकाश त्यांना पुरतो. पक्ष्यांबाबतची ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवरील प्रयोगांतून पुढे आणली. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाकाठी १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि दिवस लहान होऊ लागले की तिचे शरीर अंडाशयाचे काम आवरते घेते. दिवा लावून उजेड वाढवता येतो, पण तो पहाटेच्या बाजूला वाढवावा. संध्याकाळी दिवा एकदम विझला, तर खाली राहिलेल्या कोंबड्यांना अंधारात दांडी दिसत नाही आणि त्या रात्रभर जमिनीवर अंग चोरून बसतात. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर घरच्यापुरत्या कळपाला ही वार्षिक विश्रांती मिळू द्यावी.

त्या विश्रांतीला लागूनच पिसे झडण्याचा काळ येतो. खुराड्यात पिसांचा सडा पडतो आणि एखादी कोंबडी इतकी उघडी पडते, की नवख्या माणसाला ती मरणार असेच वाटते. पीस जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांचे असते, त्यामुळे नवी पिसे येईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत खाद्यातली प्रथिने पिसांकडे वळतात आणि अंडी थांबतात. नव्याने फुटणाऱ्या पिसांच्या नळीत रक्त खेळत असते व ती दुखरी असतात, म्हणून या दिवसांत कोंबडीला विनाकारण हातात धरू नये.

उन्हाळ्यातला खाडा याहून वेगळा. कोंबडीला घाम येत नाही. शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास राखण्यासाठी ती चोच उघडून धापा टाकते. या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो आणि अंडी पातळ कवचाची येऊ लागतात. अशा दिवसांत भरडा वाढवण्यापेक्षा सावली आणि गार पाणी अधिक उपयोगी पडते. अंड्याच्या आतला सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, त्यामुळे भांडे काही तास कोरडे राहिले तरी त्याचा परिणाम अंड्यांवर दिसू शकतो.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी ओळखायला शास्त्र लागत नाही. ती अंड्यांवरून उठत नाही, हात नेला की पिसे फुलवून गुरगुरते, दिवसातून एकदाच घाईने खाऊन परतते. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले असते आणि ते अंडाशयाला थोपवून धरते. कळपात कोंबडा नसेल तर तिच्याखालची अंडी फळलेली नसतात, पण तिला ते कळायला मार्ग नाही, आणि पिल्ले बाहेर पडण्याचे २१ दिवस उलटूनही ती बसून राहते. पोटाखालून हवा खेळेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तिला दाणापाण्यासह दोन-तीन दिवस ठेवले, तर पोटाची ऊब कमी होऊन बहुधा तिची खुडूक मोडते.

कमी दिसून येणारे आणखी एक कारण म्हणजे कळपातली उतरंड. कोणी कोणाला चोच मारायची आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे, याचा कोंबड्यांमध्ये पक्का क्रम असतो, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ टोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून दाखवले. नवी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, कळपात सोडली की हा क्रम नव्याने ठरतो, आणि तोवर सर्वांत खालची कोंबडी खाद्याच्या भांड्यापर्यंत पोहोचतच नाही. एकाच्या जागी दोन भांडी, तीही एकमेकांपासून दूर ठेवली, तर हा प्रश्न बराच सुटतो.

नेमकी कोणती कोंबडी थांबली आहे हे पाहायचे असेल, तर ती रात्री दांडीवर शांत असताना हाताने तपासावी. शेपटीखाली, अंडे बाहेर पडते त्या जागेच्या दोन्ही बाजूंना, दोन बारीक हाडांची टोके लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या या टोकांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावतात, थांबलेल्या कोंबडीच्या बाबतीत एक बोटही अवघड जाते. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल आणि मऊ असतो, तो फिका पडून आक्रसला असेल तर हाडांचा कौल बहुधा खरा ठरतो. अंग फुगवून, शेपटी खाली पाडून एकीकडे उभी राहणारी आणि वारंवार जोर करणारी कोंबडी मात्र खाड्याच्या हिशेबात धरू नये. तिच्या पोटात अंडे अडकलेले असू शकते आणि तिला त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे लागते.

गेल्या वर्षी आमच्या करड्या कोंबडीच्या नावापुढे वहीत सलग दोन आठवडे खाडे पडले. उजेड भरपूर होता, पिसे जागच्या जागी होती, तुरा लालभडक होता, आणि रात्री हात लावला तर हाडांमध्ये तीन बोटे मावत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर पाळत ठेवली, तेव्हा ती रचलेल्या लाकडांच्या मागे शिरली. तिथे एका खळग्यात अकरा अंडी होती.

ती पाण्याच्या बादलीत सोडली. कवचाला ७,००० ते १७,००० सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून आतले पाणी हळूहळू उडून जाते आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते, त्यामुळे जुने अंडे हलके होते. अकरांपैकी पाच अंडी तळाशी आडवी पडून राहिली, चार बोथट टोक वर करून तिरकी उभी राहिली आणि दोन तरंगली. ती दोन पुरून टाकली आणि वहीतले चौदा दिवसांचे खाडे खोडून तिथे प्रश्नचिन्हे घातली.